चला, येतो आता!

हिंगोलीकराला पाहुण्यांचा तोटा नसतो. इकडे औंढा नागनाथ, तिकडे नरसी नामदेव. देवस्थानं दोन आणि मुक्कामाला घर एकच, आमचं! माझा अनुभव असा, की पाहुणा ‘चला, येतो आता’ म्हणाल्यापासून जाईपर्यंत तास लागतो. त्यातलं प्रत्यक्ष जाणं अर्ध्या मिनिटाचं. बाकी सगळा वेळ उंबऱ्यावर.

याच विषयावर पुण्यात पीएच. डी. करता येते, हे अक्काच्या मुलाकडून कळलं. त्याचा पाहुणा म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटीशी माळ. यजमान म्हणजे प्रथिन. माळ त्याच्या खाचेत बसते आणि कधीतरी सुटते. ती कशी सुटते, हे कॉम्प्युटरवर बघायचं.

“मग बस की बघत!”

“तेच जमत नाही ना, मामा.”

कॉम्प्युटर म्हणे एकूण एक अणूवरचा जोर मोजतो, भोवतालच्या पाण्याच्यासुद्धा, आणि अणू किंचित सरकवतो. एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं. एका सेकंदाला ५ कोटी गुणिले १ कोटी पावलं! आयुष्यभर व्याज मोजलेल्या माणसानेही चष्मा काढून पुसावा असा आकडा. पाहुणा सेकंदभर बसला, तर १९९१ साली पुण्यात झालेल्या ‘परम’च्या आजच्या नातवंडांनाही घाम फुटतो.

म्हणून मग युक्त्या. पेप्टाइडला लटकी स्प्रिंग बांधून ओढायचं, म्हणजे पाहुण्याची पिशवी आपणच रिक्षात नेऊन ठेवायची. जातो बिचारा, पण आपल्या मनाने कसा गेला असता, ते कळणं अवघड. दुसरी युक्ती लायो आणि पारिनेल्लो यांची, २००२ सालची. पाहुणा जिथे रेंगाळेल तिथे मूठमूठ वाळू टाकत राहायची. खड्डा भरला की स्वारी आपोआप बाहेर. टाकलेल्या वाळूची बेरीज केली की खड्ड्याची खोली मिळते. या शास्त्रात खतावणी आहे म्हटल्यावर मला ते एकदम घरचं वाटू लागलं.

“पण उपयोग काय रे याचा?” अक्काने विचारलं. तिला रोज इन्शुलिनची सुई.

इन्शुलिनसुद्धा पेप्टाइडच. आयकोडेक नावाच्या इन्शुलिनला चरबीच्या आम्लाची शेपटी लावली आहे. त्या शेपटीने ते रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून बसतं आणि थोडं थोडं सुटतं. सुई आठवड्यातून एकदाच. २०२४ साली युरोपात त्याला मंजुरीही मिळाली.

अक्का काही बोलली नाही. ३६५ मधून ५२ मी वजा करून सांगितले, तर ती म्हणाली, “३१३. केव्हाच केलं मी.” मग पोराकडे वळून, “आपल्या हिंगोलीत कुठल्या दुकानात मिळंल रे ते?”