भिंतीच्या पोटातले दगड

कर्जतहून पुण्याच्या गाडीने निघालो की पळसदरीनंतर घाट सुरू होतो. लोक डोंगर आणि धबधबे बघतात. आमची नजर मात्र दगडी बांधकामावर जाते. त्याला कारण आहे.

आमची वस्ती उल्हास नदीच्या काठाला. दर पावसाळ्यात काठ खचायचा, म्हणून २००४ साली वर्गणी आणि श्रमदान करून भिंत बांधायचे ठरले. आम्ही नुकतेच बी.कॉम. झालेले, त्यामुळे हिशेबाची वही आमच्याकडे आली. वस्तीतले गवंडी मामा म्हणाले, "दर दोन हातांवर आरपार जाणारा लांब दगड घाल. आणि मागचं पाणी निघायला भोकं ठेव." लांब दगड महाग. पाण्याला पाइप म्हणजे आणखी खर्च. आम्ही दोन्ही रकमा खोडल्या. दर्शनी दगड मात्र चांगले घडवून घेतले. भिंतीची तारीफ झाली; हिशेब चोख ठेवला म्हणून आमचीही.

२६ जुलै २००५ ला पूर आला. भिंत पुरात टिकली आणि पाणी ओसरताना गेली! नदी उतरली, पण मागची माती भिजून जड झालेली. भिंत फुगली, फुटली आणि एका विधवा मावशींच्या चुलीचा कोपरा घेऊन नदीत गेली. मावशी शेजारी गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

पुढे वाचनात आले की मुंबईत १७५० साली दगडी कोरडी गोदी बांधली, तिथेही हाच प्रश्न. गोदीतले पाणी काढले की मागच्या ओल्या मातीचा सगळा भार भिंतीवर. ती गोदी आजही नौदलाकडे आहे.

आणि आमचा बोरघाट? १८५६ ला काम सुरू, १८६३ ला गाडी सुरू. १८६१ मध्ये बेचाळीस हजारांवर मजूर राबत होते. त्याआधी, १८५९ साली, मजुरीच्या पैशांवरून त्यांनी दंगा केला. शाळेच्या पुस्तकात आम्हाला तो कधी भेटला नाही. जुलै १८६७ मध्ये घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. बांधकामच निकृष्ट निघाले. बाहेरून घडीव दगड आणि पोटात नुसती भर, ही त्या काळच्या रेल्वेपुलांची तक्रारच होती. साहेबांच्या कागदावर तोही खर्च वाचला असेल. आम्हाला हसू आले नाही.

२००६ साली पुन्हा वर्गणी काढली. आम्ही मामांकडे गेलो, वही पुढे ठेवली आणि खोडलेल्या ओळी दाखवल्या. मामा वाचू शकत नव्हते. म्हणाले, "वही राहू दे. दगड मोज."

आम्ही लांब दगड मोजले. अडतीस भरले. मग मामांनी पुन्हा मोजले.