चकचकीत हरला

सुपरहीटरची फुटलेली नळी हे आमच्या टेस्टिंग लॅबचं नेहमीचं गिऱ्हाईक. वाफेमुळे नळीच्या आत ऑक्साईडचा थर वाढतो. बॉयलर थंड झाला की स्टील जास्त आकसतं, थर तेवढा आकसत नाही आणि त्याच्या खपल्या सुटतात. त्या खालच्या बाकात साचल्या की वाफेची वाट अडते, नळी अतोनात तापते आणि एक दिवस फुटते.

अशाच एका प्रकरणात वीजकेंद्राच्या इंजिनिअरनं विचारलं, "आतून शॉट पीनिंग केलेल्या नळ्यांना जादा पैसे का मोजायचे? नुसत्या खरखरीत तर होतात त्या!"

मी 304 स्टेनलेस स्टीलच्या एकाच पत्र्याचे तुकडे कापले. काही एमरीवर खसाखसा घासले, काहींवर शॉट, म्हणजे बारीक छर्रे, मारले, काहींचं ॲसिडात पिकलिंग केलं, काही इलेक्ट्रोपॉलिश करून आरशासारखे चकचकीत केले. मग सगळे वाफेच्या भट्टीत, 700 अंश सेल्सिअसला.

बाहेर काढून ट्रेमध्ये ओळीनं मांडले. पिकलिंगच्या आणि चकचकीत तुकड्यांवर काळी, जाड खपली. नख लावलं की कडेचा भुगा पडायचा. घासलेल्या तुकड्यांवर पातळ राखाडी थर, आणि त्याखाली एमरीच्या रेघा अजून दिसत होत्या. शॉट मारलेलेही तसेच धड. वजनकाट्यानंही तोच निकाल दिला. लॅबमधले काका म्हणाले, "गबाळाच टिकला की, मॅडम!"

304मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम असतं, पण ते वेळेत पृष्ठभागाशी पोचलं तरच उपयोग. घासल्यानं किंवा शॉटच्या माऱ्यानं वरचा थर चेंगरतो, त्यातले ग्रेन बारीक होतात. त्यांच्या सीमांवरून क्रोमियम झपाट्यानं वर येतं आणि क्रोमियम ऑक्साईडचा पातळ, घट्ट थर धरतो. पिकलिंग आणि इलेक्ट्रोपॉलिश नेमका हा चेंगरलेला थरच काढून टाकतात. मग क्रोमियम मागे राहतं, लोह ऑक्सिजन ओढतं आणि खपली फोफावते.

इंजिनिअरला सांगितलं, पैसे मोजा. पण वेल्डच्या आचेनं किंवा ॲनिलिंगनं चेंगरलेला थर पूर्ववत होतो, तिथे पीनिंगचा भरवसा धरू नका. आणि हे सगळं तापलेल्या वाफेपुरतं. खाऱ्या हवेत गंजाशी गाठ असेल, तर पिकलिंग केलेला गुळगुळीत पृष्ठभागच बरा.

तेव्हापासून नमुना आला की फिनिश चकचकीत आहे का, यापेक्षा शेवटी घासलं की ॲसिडात बुडवलं आणि त्यानंतर तापवलं का, हे मी आधी विचारते.