ग्रुप बीची दुसरी अखेर

ग्रुप बी वर्गातल्या ज्या रॅली-गाड्यांसाठी हा मृत्युलेख लिहितोय, त्या पहिल्यांदा गेल्या १९८६ साली आणि दुसऱ्यांदा ३० एप्रिल २०२५ला. त्या दिवशी इंग्लंडच्या कोडमास्टर्सने जाहीर केलं की 'ईए स्पोर्ट्‌स डब्ल्यूआरसी' या कॉम्प्युटर खेळात आता नवी भर पडणार नाही आणि रॅलीचे पुढचे खेळ बनवण्याचं कामही तूर्त थांबवलंय. १९९८च्या 'कॉलिन मॅकरे रॅली'पासून चालत आलेला वारसा तिथे खुंटला. 'तूर्त' या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. त्याच सुमारास मालक कंपनीने शेकडो माणसांना घरी पाठवलं.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या वैरागात लॅन्शिया किंवा प्यूजो येण्याचं काही कारण नाही. इथे रस्त्यावर दिसणार उसाच्या ट्रॉल्या, वडाप आणि एसटी. आमची ओळख झाली ती कॉम्प्युटर क्लासात, एमएस-सीआयटीची शेवटची बॅच सुटल्यावर. कुणीतरी सोलापुरातून 'कॉलिन मॅकरे रॅली ०४'ची सीडी आणली होती; ती अस्सल होती की कॉपी, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. स्टिअरिंग कुठलं? कीबोर्डचे बाण. बाण दाबून धरला की चाकं पूर्ण वळत आणि गाडी दरीत. म्हणून कळ टिचक्या मारत दाबायची, हँडब्रेकला स्पेसबार. कानात निकी ग्रिस्टचा आवाज. हा रॅलीचालक कॉलिन मॅकरेचा खराखुरा सहचालक, पुढचं वळण आकड्यात सांगायचा: आकडा जितका लहान, तितकं वळण आवळ. इंग्रजीत काठावर पास होणारी पोरं त्याचं बोलणं अर्ध्या सेकंदात पकडत. भारनियमनाचे दिवस होते. शेवटच्या किलोमीटरवर लाईट गेली की यूपीएसची शिट्टी आणि सगळ्यांच्या तोंडून एकच शिवी.

त्या खेळात ग्रुप बी हा वेगळा वर्ग होता. का, ते मला फार उशिरा कळलं. १९८२पासून लागू झालेल्या ग्रुप बीच्या नियमात गाडी स्पर्धेला उतरवायची तर तशा २०० गाड्या बांधल्याचं दाखवलं की भागे. सुधारित आवृत्तीला आणखी २० पुरत. मग कारखान्यांनी संसारी मोटारीचं नुसतं नाव ठेवलं आणि आत भलतंच जनावर भरलं. लॅन्शिया डेल्टा एस-फोरच बघा. दाराची ठेवण साध्या डेल्टाची, पण आत नळ्यांचा सांगाडा, इंजिन चालकाच्या पाठीशी, पेट्रोलच्या टाक्या आसनांखाली. इंजिन १७५९ सीसीचं, आणि हा आकडा उगीच नाही. टर्बोवाल्या इंजिनाची क्षमता नियमाने १.४ने गुणली जाई. गुणाकार २५००च्या आत राहिला की गाडी हलकी ठेवायची मुभा मिळे. टर्बोला दम धरायला वेळ लागतो, म्हणून खालच्या फेऱ्यांसाठी सुपरचार्जर वेगळा. वजन ९०० किलोच्या आसपास, ताकद साडेचारशे-पाचशे अश्वशक्ती.

मार्च १९८६मध्ये पोर्तुगालला एक फोर्ड आरएस-२०० प्रेक्षकांत घुसली, तीन जण गेले. २ मे रोजी कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेनची डेल्टा एस-फोर दरीत कोसळून पेटली. तो २९ वर्षांचा होता. शेजारी सहचालक सर्जिओ क्रेस्टो. काही तासांतच ग्रुप बीवर पुढल्या वर्षापासून बंदी जाहीर झाली. बंदी योग्यच होती. गाड्यांवर जीव असला तरी हे म्हणायलाच हवं.

त्याच १९८६मध्ये कोडमास्टर्स सुरू झाली. योगायोगच, पण पुढे याच कंपनीने त्या गाड्या चालत्या ठेवल्या. संग्रहालयात गाडी उभी असते. खेळात ती वळते, घसरते, चिडते. २०१५च्या 'डर्ट रॅली'त डेल्टा एस-फोर आणि प्यूजो २०५ टी-१६ एकामागून एक चालवून पाहिल्या की सुपरचार्जरचा उपयोग बोटांना कळतो: प्यूजोत पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम होतं. ही जाण कुठल्याही पुस्तकाने मला दिली नसती.

माणसंही अशीच भेटली. ऑडी क्वाट्रोमुळे मिशेल मूटों कळली. १९८१ला सॅनरेमो जिंकून जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. 'डर्ट रॅली २.०'मधल्या डॅटसन २४० झेडमुळे शेखर मेहतांचा शोध लागला. युगांडात जन्मलेला हा भारतीय वंशाचा केनियन चालक सफारी रॅली पाच वेळा जिंकला: १९७३ला याच गाडीत, मग १९७९ ते १९८२ सलग. आमच्या गल्लीत कुणालाच हे नाव ठाऊक नव्हतं.

एक गाऱ्हाणं मात्र आहे. पहिली हिमालयन रॅली १९८०ला मुंबईहून सुटली होती, १९६८च्या लंडन-सिडनी शर्यतीच्या गाड्या मुंबईतच जहाजावर चढल्या होत्या. तरी कोडमास्टर्सच्या 'डब्ल्यूआरसी' या शेवटच्या खेळात केनिया आला, चिली आला, भारतातला एकही रस्ता आला नाही. काळ्या रानातली पावसाळी पाणंद त्यांनी एकदा पाहायला हवी होती. स्वीडनचा बर्फ कमी घसरडा वाटला असता.

मॅकरे १५ सप्टेंबर २००७ला हेलिकॉप्टर अपघातात गेला, पुढे खेळाच्या नावातूनही तो गळला. जुन्या सीडीवरचा खेळ अजून चालतो. नव्यांचं तसं नाही. 'डर्ट रॅली २.०'त कारकिर्दीचा भाग इंटरनेट जोडल्याशिवाय उघडतच नसे. म्हणजे सर्व्हर थांबला की गाडी असून नसल्यासारखी. परवान्याची मुदत संपली की खेळ दुकानातूनही उतरतो. एस-फोरचं वजन कुठे झुकतं, हे आकड्यांत मांडणारी माणसं आता पांगली. माझ्या मते खरं नुकसान ते आहे.

शेवटच्या खेळात 'मेडिटेरेनियो' नावाची रॅली आहे. नाव काल्पनिक, डोंगर आणि अरुंद डांबरी रस्ते कॉर्सिकाचेच. तिथे डेल्टा एस-फोर चालवता येते. काहींना हे असभ्य वाटतं. मला नाही वाटत. टोइव्होनेन आजारी असताना ती गाडी चालवत होता, आणि या रस्त्यांना असल्या गाड्या पेलत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. पडद्यावर, अंगात ताप नसताना, दरीची भीती नसताना, मला ती तिथे धड शेवटापर्यंत नेता आलेली नाही.