पांच स्वर

एके दिवशीं वर्गांत मीं सांगितलें, "ए, ई, आय, ओ, यू हे पांचही स्वर असलेला लांब इंग्रजी शब्द शोधा." मिताहारी या अर्थाचा 'अ‍ॅब्स्टीमियस' हा दहा अक्षरांचा शब्द मजजवळ तयार होता, त्यांत स्वर याच क्रमानें येतात. हुशार मुलें कोश चाळूं लागलीं. इतक्यांत, ज्यास मंद समजून मी सहसा प्रश्न विचारीत नसें, असा मागच्या बांकावरील मुलगा भीतभीत उठून म्हणाला, "सर, एज्युकेशन."

नऊ अक्षरें, पांचही स्वर, प्रत्येक एकदांच! हा शब्द मीं वीस वर्षें लिहिला. पण त्याच्या पोटांत काय आहे तें कधीं पाहिलें नाहीं. त्या मुलाच्या अंतरांतही पाहिलें नव्हतें. दुसऱ्या दिवसापासून पहिला प्रश्न मी मागच्या बांकास विचारूं लागलों.