आग, चहा आणि हजेरीपट

१४ एप्रिलला आपल्या घरोघरी जयंतीची गडबड. मिरवणूक आटोपून रात्री दोनला अंथरुणाला पाठ टेकलेले आम्ही दुसऱ्या दिवशी डोळे चोळत कचेरीत पोहोचलो, तर फलकावर हुकूम : ‘अकरा वाजता अग्निसुरक्षा प्रशिक्षण. हजेरी सक्तीची.’

याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. तेव्हा प्रशिक्षणाला आमची ना नव्हती.

पण आधी ओळखपरेड झाली. टाय बांधलेल्या प्रशिक्षकांनी एक चेंडू काढला. ज्याच्या हाती तो येईल त्याने आपले नाव व आवडता प्राणी सांगायचा. वीस वर्षे ज्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्या हेडक्लार्कना आम्ही आमचे नाव सांगितले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आस्थापना शाखेच्या बाई ‘कासव’ म्हणाल्या, तेव्हा सर्वांनी फायलींच्या गठ्ठ्यांकडे पाहिले.

मग पडद्यावर सूचना आल्या. आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. आमच्या इमारतीला लिफ्टच नाही, तरी आम्ही ते वहीत उतरवून घेतले. संकटकाळच्या दाराने बाहेर पडावे. ते दार रेकॉर्डच्या कपाटामागे आहे, अशी माहिती जुन्या शिपायाने पुरवली. काच फोडून अग्निशामक नळकांडे काढावे. ‘काचेची भरपाई कोणाच्या पगारातून?’ हेडक्लार्कनी विचारले.

इतक्यात झाडलोट करून चहाही करणारी कंत्राटी मावशी ट्रे घेऊन आली. तिने विचारले, “साहेब, माझ्या गॅसने पेट घेतला तर काय करू?”

सगळे हसले. आम्हीही हसलो. प्रशिक्षक मात्र गंभीर झाले. साऱ्या कचेरीत रोज आग पेटते ती तिच्याच शेगडीत! ते म्हणाले, “जमले तर रेग्युलेटर बंद करा. नाही तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ नंबर फिरवा.”

मग अंगणात पत्र्याच्या डब्यात चिंध्या पेटवल्या. पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवायचे. हेडक्लार्कनी ज्वाळेच्या शेंड्यावर नेम धरला, ज्वाळा तशीच राहिली. आम्ही पिन काढायचीच विसरलो. प्रशिक्षकांनी मावशीला बोलावले. “झाडू मारता ना, तसे फिरवा.” दोन फेऱ्यांत आग गार!

शेवटी प्रमाणपत्रे वाटली. पिन विसरलेल्या आम्हांस मिळाले. मावशीला नाही, कारण कंत्राटी माणसांचे नाव हजेरीपटावर नव्हते. रात्रभर एकटा असणाऱ्या पहारेकऱ्याचेही नव्हते. तेव्हा मात्र आमचे हसू मावळले. आग काय पगारपत्रक पाहून लागते? त्याच दिवशी आम्ही अर्ज लिहिला, सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

पुढच्या वर्षी हजेरीपटावर पहिली सही मावशीची होती, दुसरी पहारेकऱ्याची. दारापुढचे कपाटही हलले. आता ते जिन्यात उभे आहे.

दुसरा अर्ज आम्ही कालच दिला.