हवा किती मारू, मॅडम?

पुण्यात सायकल विकत घेणं एकदम सोपं आहे. शोरूममध्ये जा, कार्ड स्वाइप करा, हवं तर ईएमआय घ्या. तिची पंक्चर काढून घेणं मात्र महाकठीण! विश्वास बसत नसेल तर आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. खांबाला साखळीने बांधलेल्या, टायर बसलेल्या, सीटवर धुळीचा थर असलेल्या एकापेक्षा एक भारी सायकली दिसतील. त्यांच्या मालकांचा फिटनेसचा उत्साह कुठे संपला, हे शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही. बहुतेकांचा तो पहिल्या पंक्चरलाच संपलेला असतो.

गंमत म्हणजे एकेकाळी हेच शहर सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. साठी ओलांडलेला कुठलाही पुणेकर गाठा, 'अहो, आमच्या वेळी...' अशी सुरुवात होणारच. तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, कारखान्यांची शिफ्ट सुटली की रस्ते सायकलींनी भरून जायचे, कोपऱ्यावर सायकलवाला असायचाच. मग लुना आली, स्कूटर आली, बाइक आली. कोपऱ्यावरचा सायकलवाला आधी स्कूटरची पंक्चर काढायला लागला, मग मोबाइलचं रिचार्ज विकायला लागला आणि मग दिसेनासाच झाला. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲपने कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकलीही रस्त्यावर आल्या. सगळ्यांनी सेल्फी काढले. दोन-तीन वर्षांत त्यातल्या बहुतेक सायकली गायब झाल्या. सेल्फी राहिले.

या सगळ्यात मी कुठे? मी मूळची सांगलीची. मास कॉमसाठी पुण्यात आले आणि इथलीच झाले. दोन नोकऱ्या करून आता फ्रीलान्स पत्रकारिता करते. ऑफिस नाही, बॉस नाही, पंचिंग नाही. ऐकायला सॉलिड वाटतं ना? पण 'चल, चहा मारून येऊ' म्हणणारंही कुणी नसतं. एखाद्या मंगळवारी संध्याकाळी लक्षात यायचं, की आज आपण फक्त कुरिअरवाल्याशी बोललो. तेसुद्धा 'तिसरा मजला, लिफ्टच्या डावीकडे' एवढंच. एक डेडलाइन संपली की दुसरी. पाठ दुखते, वजन वाढतंय आणि आई फोनवर विचारतेय, 'अगं, पण तू नक्की जातेस कुठे?'

त्याच सुमारास रूममेटच्या ऑफिसमधला एकजण जर्मनीला निघाला होता. फ्लॅट रिकामा करताना त्याने करड्या रंगाची एक हायब्रिड सायकल नऊ हजारांत काढली. मी घेतली. सकाळी खडकवासल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच फंडा होता. पहिले पंधरा दिवस मस्त गेले. सोळाव्या दिवशी सिंहगड रोडवर मागचं चाक बसलं.

आता सीन असा, की सकाळचे सात वाजलेत आणि मी सायकल ढकलतेय. पहिला पंक्चरवाला म्हणाला, 'ही सायकल आपण करत नाही.' दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने कॉम्प्रेसरचा पाइप आणला, व्हॉल्वकडे बघितलं आणि म्हणाला, 'मॅडम, ह्यात हवा जातच नाही.' तो खोटं बोलत नव्हता. स्कूटर-मोटारीच्या ट्यूबला जाड व्हॉल्व असतो. त्याला म्हणतात श्रेडर. त्याच्या मधली पिन दाबली की हवा आत जाते. माझ्या सायकलच्या ट्यूबला होता बारीक, लांबुडका प्रेस्टा व्हॉल्व. त्याचं टोक आधी फिरवून सैल करावं लागतं आणि रस्त्यावरच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसतच नाही. त्यासाठी बोटाच्या पेरापेक्षाही लहान असं पितळेचं एक टोपण मिळतं, ॲडॅप्टर. तेवढं खिशात असलं, की कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू. पण हे मला कुणीतरी सांगायला हवं ना!

पेपरवाल्या पोराची टिप

पत्रकारितेत पहिल्याच वर्षी शिकवतात, माहिती हवी तर ज्याचं पोट त्यावर आहे त्याला विचारा. मी विचार केला, या शहरात आजही रोज सायकल चालवतं कोण? पेपर टाकणारी पोरं, काही दूधवाले, रात्रपाळीचे वॉचमन. त्यांची सायकल एक दिवस बंद पडली तर त्यांचा खाडा होतो. म्हणजे त्यांच्याकडे मेकॅनिक असणारच. आमच्या पेपरवाल्या पोराला जिन्यात गाठलं. त्याने एका दमात पत्ता सांगितला. नाना पेठेच्या बाजूला, एक बोळ, पिंपळ, त्याच्या समोरचं निळं शटर.

शटरच्या आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. छताला टांगलेल्या रिम, भिंतीला टायर, कोपऱ्यात पाण्याचं घमेलं. काका साठीच्या पुढचे. त्यांनी ट्यूब काढली, थोडी हवा भरली, घमेल्यात बुडवली. बुडबुडा आला तिथे काडी खुपसून खूण केली. ट्यूब पुसली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावलं आणि फुंकर न घालता शांत बसून राहिले. 'वाळू द्यायचं असतं. लोक घाई करतात आणि पॅचला शिव्या देतात.' मग टायरच्या आतून बोट फिरवून काचेचा एक बारीक कण काढून माझ्या तळहातावर ठेवला. 'हा काढला नाही, तर उद्या परत पंक्चर.'

चाक बसवल्यावर म्हणाले, 'हवा किती मारू, मॅडम?'

मी टायरवर छापलेला आकडा ऐटीत वाचून दाखवला. काका हसले. 'तो जास्तीत जास्तचा आकडा आहे. आधी तुमचं वजन किती ते सांगा.' हे वाक्य मला आजवर एकाही पुरुषाने बिनधास्त विचारलेलं नव्हतं! मग त्यांनी समजावलं. माणूस हलका, तर हवा कमी. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त. पावसात रस्ता निसरडा असतो, तेव्हा दोन्हीकडे जरा कमीच, म्हणजे टायर रस्ता धरून ठेवतो. आणि बारीक टायरमध्ये हवा फारच कमी असली, तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटून तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. दहा मिनिटांत मी जेवढं शिकले, तेवढं मला शोरूमच्या एसीमध्ये कुणी सांगितलं नसतं.

'तुमच्यानंतर दुकान कोण बघणार?' मी सवयीने विचारलं.

'मुलगा गाड्यांच्या शोरूमला आहे. पगार बरा आहे.' काकांनी हात पुसले. 'तुम्हीच शिकून घ्या की. पंक्चर काढायला काय लागतं?'

पुढचे चार रविवार मी तिथे जाऊन शिकले. पंक्चर, ब्रेकची वायर, चेन पुसून तेल घालणं, आणि रिमचा आऊट काढताना नुसतं बघत बसणं. ते शेवटचं काम एका जन्मात येत नाही, असं काकांचं मत आहे.

शनिवार, साडेपाच, नळ स्टॉप

त्या शटरसमोर रांगेत उभं असताना पुढचा पत्ता मिळाला. टायर बदलायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, 'एकटीच चालवतेस? शनिवारी साडेपाचला नळ स्टॉपला ये.' त्या डेंटिस्ट. त्यांच्या ग्रुपमध्ये दोन आयटीवाले, एक बँकवाला, गणिताचे एक रिटायर्ड सर आणि असेच काही. एकूण चौदा. नियम एकच. सगळ्यात मागे असलेल्याच्या मागे एकजण कायम राहणार. कुणालाही रस्त्यात सोडायचं नाही.

या ग्रुपमुळे मला माझ्याच शहराच्या आसपासचा नकाशा कळला. खडकवासला हा बालवर्ग. मग बोपदेव घाटाने वर चढायचं, सासवडला मिसळ खायची आणि दिवे घाटाने खाली उतरायचं, हा साठेक किलोमीटरचा फेरा. मग जुन्या हायवेने लोणावळा (एक्स्प्रेस-वेवर सायकलला बंदी आहे, हे नव्या लोकांना दरवेळी सांगावं लागतं). आमचे सर तर बीआरएमवाले. ही लांब पल्ल्याची राइड असते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. एकाच सीझनमध्ये चारही केल्या, की 'सुपर रँडोनर'. शर्यत नाही, पहिला नंबर नाही, मदतीला मागे गाडी नाही. तुमची पंक्चर तुम्हीच काढायची. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ मध्ये दोघांच्या टीमने अमेरिका आरपार करणारी 'रॅम' शर्यत पूर्ण करून आले आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीतच सायकलवरून जगप्रदक्षिणा करून आली. त्यांच्या गोष्टी सर असल्या रंगवून सांगतात, की घाट कधी संपला ते कळत नाही.

आणि एक गोष्ट आम्ही मुलींनी सुरू केली. टॉयलेटची यादी. हसू नका! पहाटे पाचला निघून दुपारी बाराला परतणाऱ्या बाईला विचारा, ती पाणी कमी का पिते. फोनमधल्या नकाशावर आम्ही खुणा टाकत गेलो. या पंपावर टॉयलेट आहे, कडी आहे, पाणी नाही. इथे कुलूप असतं, पण काउंटरवर किल्ली मागितली की देतात. या देवळाच्या आवारात नळ आहे. इथल्या मावशी साडेसहाला चहा टाकतात आणि आत जाऊ देतात. बघता बघता पन्नासच्या वर खुणा झाल्या. मी आजवर केलेल्या रिपोर्टिंगमधलं सगळ्यात उपयोगी काम बहुधा हेच असेल.

आणि मग

गेल्या दिवाळीच्या आधी हायवेच्या सर्व्हिस रोडवर आमच्या डेंटिस्टताईंना एका पिकअपने मागून उडवलं. गाडी थांबली नाही. ताईंच्या खांद्याचं हाड आणि उजवं मनगट मोडलं. डेंटिस्टचं उजवं मनगट. हेल्मेट होतं, मागचा दिवा चालू होता, त्या अगदी कडेने चालल्या होत्या. म्हणजे जे जे करायला सांगतात, ते सगळं त्यांनी केलेलं होतं.

पुढच्या शनिवारी नळ स्टॉपला चौदातले पाचच आले. मी त्या पाचांत नव्हते. आईचा फोन आला होता. 'ती सायकल वीक. पैसे मी देते, स्कूटी घे.' तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून उलट उत्तर देता येईना. तीन आठवडे सायकल बाल्कनीत उभी होती. पहाटे पाचला आपोआप जाग यायची आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. पुन्हा सगळे दिवस मंगळवारसारखे झाले.

मी चौथ्या आठवड्यात परत गेले. भीती गेली होती म्हणून नव्हे, ती अजूनही आहे. मागून हॉर्न वाजला की हात घामेजतात. पण माझी भीती ज्यांना समजते, ती माणसं त्या चौकातच भेटतात. आम्ही बसून ठरवलं. हायवे बंद. नीट उजाडल्याशिवाय शहराबाहेर पडायचं नाही, मग घाटाला ऊन लागलं तरी चालेल. हँडलला आरसा, अंगात रिफ्लेक्टर जॅकेट, मागचा दिवा दिवसाही चालू, कानात हेडफोन नाही. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा. सुरक्षित वेगळा सायकल ट्रॅक सगळीकडे होईल तेव्हा होईल. त्याची मागणी आम्ही करतोय, अर्जांवर सह्याही करतोय. तोवर एवढं तरी आपल्या हातात आहे. आईला हे सगळं सांगितलं. ती 'बरं' म्हणाली नाही. पण निघताना आणि पोचल्यावर मेसेज करायचा, एवढ्यावर तह झाला.

डेंटिस्टताईंनी सायकल अजून बाहेर काढलेली नाही. काढतील की नाही, आम्ही विचारत नाही. पण परवा त्या कारने सासवडला गेल्या होत्या. संध्याकाळी आमच्या नकाशावर त्यांच्या नावाने नवी खूण दिसली. 'टॉयलेट स्वच्छ, आता आतून कडी बसवली आहे.'

तर मंडळी, तुमची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात असेल तर एवढंच करा. पेपरवाल्या पोराला त्याच्या मेकॅनिकचं नाव विचारा. एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप आणि पॅचचं पाकीट बॅगेत टाका. व्हॉल्व बारीक असेल तर ते पितळेचं टोपणही. निघण्याआधी हवा, ब्रेक, चेन बघा. पहिल्या महिन्यात वीस किलोमीटरच्या पुढे जाऊ नका आणि शक्यतो एकटे जाऊ नका. आणि पिंपळासमोरचं ते निळं शटर सापडलं, तर घाई करू नका. सोल्युशन वाळू द्या. काका सोमवारी बंद असतात.