दुसरा पडदा

बाजारांतून पहिली वस्तु आणणें सोपें, कारण तिच्यावांचून काम अडलेलें असतें. दुसरी आणावयाची म्हटली म्हणजे मात्र विचार पडतो. दुसरें पातेलें, दुसरी छत्री यांची गरज कोणासहि पटते. परंतु खेळाच्या संगणकास दुसरा मॉनिटर हवा असें मुलानें म्हटलें कीं आईबाप एकमेकांकडे पाहूं लागतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं हा प्रश्न सध्यां निघत असतो, म्हणून आमच्या घरीं तो कसा सुटला तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमचे चिरंजीव अकरावींत आहेत. त्यांच्यापाशीं २४ इंची, सेकंदास १४४ वेळां चित्र बदलणारा मॉनिटर होताच. दुसरा २७ इंची व २४० वेळां चित्र बदलणारा असावा असा त्यांचा मानस होता, व त्यासाठीं वाढदिवसाचे व बक्षिसाचे पैसे सांठविणें चाललें होतें. आम्हीं विचारिलें, "दुसऱ्या पडद्यावर तूं पाहणार काय?" थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "ताईला, बाबा."

आमची थोरली कन्या परगांवीं परिचारिकेचें शिक्षण घेते. शनिवारीं रात्रीं बहीणभाऊ एकच खेळ खेळतात आणि खेळतां खेळतां बोलतात. तो पुढें म्हणाला, "खेळ रंगांत आला कीं ताईचा चेहरा बाजूस सारावा लागतो. मग ती बोलते, पण दिसत नाहीं. गेल्या महिन्यांत ती रडत होती, तें मला फार उशिरां कळलें." रुग्णालयांतील पहिल्या रात्रपाळ्या तिला जड जात होत्या हें आम्हांसहि तेव्हांच समजलें. मुलांच्या आईनें डोळ्यांस पदर लाविला, आणि आम्ही कागद घेऊन हिशेब मांडावयास बसलों.

पहिला हिशेब वेगाचा. सेकंदास ६० वेळां चित्र बदलणारा पडदा एक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद दाखवितो. १४४ वाला ६.९, आणि २४० वाला ४.२. म्हणजे पहिल्या पायरीस जवळजवळ दहा मिलिसेकंदांचा लाभ, दुसरीस तिनाहूनहि कमी. दाम मात्र चढतच जातो. शिवाय खेळ चालावयाचा तो पहिल्याच पडद्यावर. बोलणाऱ्या माणसाचें चित्र तर बहुधा सेकंदास तीस वेळांहून अधिक बदलतहि नाहीं. तेव्हां दुसऱ्यास ६० पुष्कळ झाले.

दुसरा हिशेब आकाराचा. मॉनिटरचे इंच कर्णावर मोजतात. आडवे १९२० व उभे १०८० ठिपके २४ इंचांत बसविले तर इंचास सुमारें ९२ पडतात. तेच २७ इंचांत ८२ वर येतात व अक्षरें भरड दिसतात. २५६० बाय १४४० चा पडदा घेतला तर २७ इंचांतहि अक्षर रेखीव राहतें, परंतु खर्च वाढतो.

तिसरा हिशेब मेजाचा, आणि निकाल खरोखर त्यानेंच लाविला. आमचें मेज १०५ सेंटिमीटर रुंद. २४ इंची पडदा ५३ सेंटिमीटर रुंद असतो. दोन शेजारीं ठेवले तर मेज पुरत नाहीं. तोच दुसरा उभा फिरविला तर त्यास ३० सेंटिमीटरच जागा लागते. ताई बोलते तीहि मोबाइलवरून, आणि मोबाइलचें चित्र उभेंच असतें. वरच्या भागांत तिचा चेहरा, खालच्या भागांत टिपणें वा पुस्तकाचें पान, अशी सोय झाली.

मात्र उभा ठेवावयाचा पडदा पारखून घ्यावा लागतो. टीएन जातीच्या पडद्याकडे खालून पाहिल्यास रंग बिघडतात. तो उभा केला कीं हा दोष बाजूस येतो, व मान किंचित हलविली तरी चित्र पालटतें. आयपीएस जातींत ही अडचण फारशी नसते. बैठक फिरणारी असावी; नसल्यास पाठीवर १०० मिलिमीटर अंतराचीं चार छिद्रें तरी असावींत, म्हणजे निराळा हात बसवितां येतो. आम्हांस एका कचेरींतून निघालेला जुना पडदा, फिरत्या बैठकीसह, ठरविलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शांत मिळाला. घेण्यापूर्वीं त्यावर पांढरा, काळा, तांबडा, हिरवा व निळा रंग भरून मृत ठिपके पाहून घेतले. दोन्ही केबली ग्राफिक्स कार्डासच जोडाव्या, मदरबोर्डाच्या खांचेस नव्हे, हें चिरंजीवांनीं आम्हांस शिकविलें.

खेळ आणि सहवास यांचें नातें आजचें नाहीं. सन १९५८ मध्यें अमेरिकेंतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें भेटीस येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठीं टेनिसचा विद्युत्खेळ रचिला. पडदा अवघा पांच इंचांचा. परंतु तो खेळ दोघांवांचून होत नसे.

धोकाहि आम्ही विसरलों नाहीं. दोन धन्यांच्या चाकरीविषयीं प्रभूनें जो इशारा दिला तो दोन पडद्यांसहि लागू आहे. डोळे एका वेळीं एकाचेच होतात. म्हणून अभ्यासाच्या वेळीं मोठा पडदा बंद व उभ्यावर पुस्तक, आणि मेज बैठकीच्या खोलींत, अशा दोन अटी मुलांच्या आईनें घातल्या. त्या आजवर पाळल्या गेल्या आहेत.

मागच्या एका शनिवारीं खेळ ऐन भरांत असतां चिरंजीवांनीं हात काढून घेतला. संघांतील मित्र रागावले, डाव गेला. ताईचा चेहरा उतरलेला त्यास दिसला होता. त्या रात्रीं दोघें बराच वेळ बोलत बसलीं. काय बोललीं तें आम्हीं विचारिलें नाहीं. उरलेल्या पैशांतून तिला चांगले बूट धाडावे असें त्यानें दुसऱ्या दिवशीं उपासनेहून परततांना सुचविलें, कारण रात्रपाळींत सारा वेळ उभें राहून तिचे पाय दुखतात.

विद्यार्थिमित्रहो, वडिलांपाशीं एखादी वस्तु मागावयास जाल तेव्हां ती कशासाठीं हवी तें आधीं स्वतःस विचारा व मग मोकळेपणानें सांगा. आणि पालकहो, नकार देणें झालेंच तर तें कारण ऐकून घेतल्यावर द्या.